वजन तेवढंच, मग गेलं काय?

लग्नाकार्यात सत्तरी ओलांडलेली कुणी काकू-मावशी भेटली की आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं, "काय मस्त मेन्टेन केलंयत हो, अगदी सडपातळ!" त्या काकूही खूष होतात, पदर सावरतात, "रात्रीचं जेवण सोडलंय ना मी, फक्त दूध घेते" असं कौतुकाने सांगतात, आणि आजूबाजूच्या चार जणी माना डोलवतात. हल्ली हे ऐकलं की माझ्या पोटात गोळाच येतो. कारण माझी नजर आता चेहऱ्याकडे आधी जात नाही, ती जाते दंडाकडे, मनगटाकडे, आणि खुर्चीतून उठताना काकूंचा हात कुठे टेकतोय तिकडे. म्हाताऱ्या माणसांच्या वजनाकडे आपण सगळे फार उलट्या बाजूने बघतो असं माझं ठाम मत झालंय आणि ते का झालं ते आज जरा सविस्तर लिहिते.

आईची औषधांची फाइल आहे एक, निळी, रबर लावलेली. त्यात दर वेळी दवाखान्यात केलेलं वजन लिहिलेलं असतं. ५४, साडेचौपन्न, परत ५४. वर्षानुवर्षं तेवढंच. डॉक्टरही म्हणायचे वजन स्टेडी आहे बाई, छान. (आई शाळेत होती म्हणून अख्खं मिरज तिला बाईच म्हणतं.) आणि तिकडे गल्लीतले शिंपीकाका, जे आम्ही शाळेत होतो तेव्हापासून तिचे ब्लाऊज शिवतायत, ते एकदा वहीतलं जुनं माप आणि टेपवरचं नवं माप बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, बाह्या अर्धा इंच आत घ्यायला लागणार आणि खालची पट्टी मात्र सोडायला लागणार." मी तिथेच बसले होते. आईने "वय झालं आता" म्हणून विषय संपवला पण माझ्या डोक्यात ते राहिलं. दंड बारीक झाला, पोट वाढलं आणि काटा तिथल्या तिथेच. म्हणजे ५४ किलोच्या आतल्या आत काहीतरी गेलं होतं आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. वजनकाट्याला यातलं काही कळत नाही, त्याला स्नायूचा किलोही किलो आणि चरबीचा किलोही किलोच.

हे आपल्याकडे जास्त का दिसतं याचा अभ्यास आपल्या पुण्यातच झालाय आणि मला त्याचा फार अभिमान आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघं शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! उंची-वजनाच्या तक्त्यात दोघं एकाच चौकोनात बसतात आणि आतून मात्र दोन वेगळी माणसं. त्यांच्या टीमने पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या नवजात बाळांचीही मापं घेतली होती. तिथल्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलो आणि इंग्लंडमधल्या साउदम्पटनच्या बाळांचं ३.५, पण आपली बाळं कमी पडत होती ती मुख्यतः स्नायूंमध्ये, कातडीखालची चरबी त्या मानाने चांगली राखलेली होती. बारीक आणि तरी चरबीवाली. म्हणजे आपण जन्मतःच स्नायूंच्या बाबतीत थोडे मागे आणि मग सत्तर वर्षांनी जेव्हा सगळ्यांचेच स्नायू वेगाने जायला लागतात तेव्हा आपल्याकडे शिल्लक आधीच कमी. म्हणून तर भारतीयांसाठी कमरेचा घेर बाईचा ८० सेंटीमीटर आणि पुरुषाचा ९० च्या वर गेला की धोका धरतात, गोऱ्या लोकांची मर्यादा याहून सैल आहे. आईचा घेर मी मोजला तेव्हा तो ८० च्या बराच वर होता आणि बीएमआय मात्र कुणीही पाठ थोपटेल असा.

स्नायू जाणं तसं तिशीनंतरच सुरू होतं, दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्के असा साधारण हिशोब सांगतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. ताकद तर त्याहून जास्त वेगाने जाते. हे हळूहळू होतं म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. पण मध्ये आजारपण आलं की एकदम पायऱ्या उतरल्यासारखं होतं. आईला चिकनगुनिया झाला त्या पावसाळ्यात आम्ही ते बघितलं. ताप चार-पाच दिवसांत गेला पण सांधे इतके दुखायचे की ती पलंगावरून उठेना आणि आम्हीही उठू देईना. वहिनी सगळं हातात द्यायची, दादाने पलंगाशेजारी बेल लावून दिली, येणारा जाणारा प्रत्येक जण "बाई, आता पूर्ण आराम हां, अजिबात उठायचं नाही" असं बजावून जायचा. हेतू सगळ्यांचा चांगलाच होता. पण २००७ साली अमेरिकेतला एक छोटा अभ्यास जामा या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, त्यात साठीच्या पुढच्या धडधाकट माणसांना, हो, आजारी नव्हे, पूर्ण निरोगी माणसांना, दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवलं होतं. दहा दिवसांत त्यांच्या नुसत्या पायांमधून जवळपास एक किलो स्नायू गेला. त्यात ताप नाही, सांधेदुखी नाही, जेवण व्यवस्थित. मग आजारी, अर्धं जेवणारी, शहात्तरीतली बाई दोन-तीन आठवडे पडून राहिली तर काय होत असेल!

बरी झाल्यावर आई उठली ती वेगळीच होऊन उठली. देवघरासमोर मांडी घालून बसायची ती बसली तर उठता येईना. आणि त्याच सुमाराला दुसरी गोष्ट घडली जिचा याच्याशी काही संबंध असेल असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. आईची हिशोबाची वही आहे, लग्न झाल्यापासूनची सवय, दूधवाला, गॅस, भाजी, कुणाच्या मुंजीत दिलेलं पाकीट, सगळं रोजच्या रोज. मी गेले तेव्हा सहज वही उघडली तर एकाच दिवशी दुधाचे पैसे दोनदा लिहिलेले, पुढे चार पानं कोरी, आणि एका पानावर बेरीज सुरू करून अर्धवट सोडलेली, खाली खाडाखोड. गणित शिकवलेली बाई आहे ती. मला ती खाडाखोड बघून जे वाटलं ते सांगता येणार नाही.

मग तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी थायरॉइड बघितलं, बी१२ बघितलं, कान तपासून घ्यायला सांगितलं, झोप कशी आहे, मन उदास असतं का, सगळं विचारलं. बी१२ खूप कमी निघालं, शाकाहारी घरांमध्ये ते किती सर्रास कमी असतं हे आता सगळ्यांना माहितीये, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. (घरात कुणी विसरायला लागलं तर "साठी बुद्धी नाठी" म्हणून सोडून देऊ नका, ही एवढी साधी तपासणी आधी करून घ्या, कारण यातली काही कारणं औषधाने दुरुस्त होतात.) पण त्या डॉक्टरांनी अजून एक गोष्ट केली. आईला हाताची घडी घालायला लावली आणि खुर्चीतून हात न लावता पाच वेळा उठून बसायला सांगितलं आणि घड्याळ लावलं. आई दुसऱ्या वेळेला अडकली. डॉक्टर म्हणाले, बाईंच्या मेंदूची काळजी करायची तर आधी यांच्या मांड्यांची काळजी करायला लागेल. मला ते तेव्हा चमत्कारिकच वाटलं होतं.

आता वाचून वाचून जे कळलंय ते माझ्या भाषेत सांगते. जेवणानंतर रक्तात जी साखर चढते ती उचलून साठवण्याचं सगळ्यात मोठं काम स्नायू करतात. स्नायू कमी झाले की ती साखर रक्तातच घोटाळत राहते, इन्सुलिनला जास्त जोर लावायला लागतो, हळूहळू ते निकामी ठरायला लागतं आणि डायबेटिसकडे गाडी जाते, आणि डायबेटिस मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचं काय करतो ते वेगळं सांगायला नको. दुसऱ्या बाजूने पोटातली चरबी. कातडीखालची नव्हे, ती आत आतड्या-यकृताभोवती साठलेली. ती गप्प पडून राहत नाही, तिच्यातून सूज वाढवणारी रसायनं सतत रक्तात जात असतात आणि ही बारीक, न दिसणारी, न दुखणारी सूज मेंदूपर्यंत पोचते. आणि तिसरं मला सगळ्यात भारी वाटतं. स्नायू आकुंचन पावतो, म्हणजे आपण जिना चढतो, पिशवी उचलतो, तेव्हा तो स्वतः काही द्रव्यं रक्तात सोडतो. कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांच्या संशोधनातून ही पुढे आली, मायोकाइन्स म्हणतात त्यांना. त्यातली काही मेंदूशी बोलतात, नवीन पेशी आणि जोडण्या टिकवणारं बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढवायला मदत करतात असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत चांगलं दिसलंय. आपण स्नायूकडे हाडं हलवणारं मांस म्हणून बघत होतो आणि तो तर ग्रंथीसारखं काम करतो.

२०२३ मध्ये अजून एक अभ्यास वाचला, अमेरिकेतल्या पिट्सबर्ग आणि मेम्फिस इथल्या सत्तरीतल्या लोकांचा. त्यांच्या मांडीचे सीटी स्कॅन काही वर्षांच्या अंतराने काढले होते आणि ज्यांच्या मांडीच्या स्नायूच्या आतच चरबी वाढत गेली त्यांची बुद्धीही जास्त वेगाने उतरली, आणि तेही एकूण वजन, इतर ठिकाणची चरबी हे सगळं हिशोबात धरूनसुद्धा. आईच्या ५४ किलोचं कोडं मला तिथे सुटलं. ब्रिटनच्या बायोबँक नावाच्या मोठ्या आरोग्य-नोंदींमधल्या चार लाखांहून जास्त लोकांवरचा २०२४ चा अभ्यासही तेच सांगतो, सरासरी नऊ वर्षं बघितलं तर पोटावर आणि दंडावर चरबी जास्त असणाऱ्यांना अल्झायमर, पार्किन्सनसारखे आजार जास्त, आणि स्नायूंची ताकद जास्त असणाऱ्यांना पाव भागाने कमी. यावरून ताकदीमुळेच आजार टळला असं सिद्ध होत नाही हे खरंच आहे, जो आधीच निरोगी तोच ताकदवान असंही असू शकतं. पण सगळ्या बाजूंनी बोट एकाच दिशेला जातंय.

आता सडपातळ काकूंकडे परत येते कारण खरी गंमत, गंमत कसली, खरी काळजी तिथे आहे. चाळिशी-पन्नाशीत लठ्ठपणा असेल तर पुढे डिमेन्शियाचा, म्हणजे स्मरणशक्ती आणि बुद्धी उतरत जाण्याच्या आजाराचा, धोका वाढतो, हे बरंच पक्कं आहे. लंडनमधल्या सरकारी नोकरांवर व्हाइटहॉल नावाचा अभ्यास १९८५ पासून चाललाय, दहा हजारांवर माणसं, त्यात पन्नाशीतल्या लठ्ठपणाचा संबंध स्पष्ट दिसला. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की ज्यांना पुढे डिमेन्शिया झाला त्यांचं वजन निदानाच्या आठेक वर्षं आधीपासून इतरांपेक्षा खाली जायला लागलं होतं. आठ वर्षं! म्हणजे घरच्यांना विसरणं दिसायच्या कितीतरी आधी. वास कमी येतो, भूक लागत नाही, स्वयंपाकात मन लागत नाही, जेवलो का हे लक्षात राहत नाही, आजाराने मेंदूतलं भुकेचं केंद्रच बिघडतं, अशी सगळी कारणं त्यात असतात. म्हणजे पन्नाशीत उतरलेलं वजन आणि पंचाहत्तरीत आपोआप उतरलेलं वजन या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचं कौतुक करा. दुसरी दिसली तर डॉक्टर गाठा. सहा महिने-वर्षात काही न करता अंगावरचे कपडे ढगळे झाले तर त्याला मेन्टेन करणं म्हणत नाहीत, खंगणं म्हणतात. आणि हल्ली वजन कमी करायची इंजेक्शनं सगळीकडे आलीत, त्यात चरबीबरोबर स्नायूही उतरतात, तेव्हा सत्तरीतल्या माणसाने ती नुसती काटा खाली आणायला घेऊ नयेत, डॉक्टरांशी स्नायूंचं बोलणं आधी करावं असं मला कळकळीने वाटतं.

चालण्याबद्दलही एक सांगायलाच हवं. १९९७ साली स्वीडनमधल्या उमेओच्या संशोधकांनी वृद्धाश्रमातल्या लोकांचं एक साधं निरीक्षण छापलं होतं, चालता चालता बोलायला लागलं की जी माणसं थांबतात ती पुढे जास्त पडतात. बास, एवढंच. कारण चालणं आपोआप होतं असं आपल्याला वाटतं पण म्हातारपणी त्याला मेंदूचं लक्ष लागतं आणि मग बोलायला लक्ष उरत नाही. पुढे न्यूयॉर्कचे डॉ. जो वर्गीस यांनी चाल मंदावणं आणि विसरण्याची तक्रार या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर डिमेन्शियाचा धोका बराच जास्त असतो हे दाखवलं. आमचे मामा सांगलीला कृष्णेच्या घाटावर रोज फिरायला जातात, माझ्याशी बोलायचं असलं की ते थांबतात, बोलून झालं की चालतात, परत काही आठवलं की थांबतात. मला ते त्यांच्या रुबाबाचाच भाग वाटायचं आणि कदाचित तसंच असेलही, पण मामीला मी सांगून ठेवलंय की बघ, पूर्वी थांबायचे का असे?

तर उपाय. इथे मात्र बातमी खरोखर चांगली आहे. १९९० साली बॉस्टनमध्ये मारिया फियाटारोन या डॉक्टरबाईंनी ८६ ते ९६ वर्षांच्या दहा अशक्त माणसांना, वृद्धाश्रमात राहणाऱ्या, आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. हलकंफुलकं नाही, चांगलं जोराचं. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! ज्या वयात आपण हात धरून बाथरूमपर्यंत नेतो त्या वयात. २०११ मध्ये दुसऱ्या एका प्रयोगात १२० ज्येष्ठांपैकी अर्ध्यांना वर्षभर आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं चालवलं आणि त्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींचा भाग, दोन टक्क्यांनी वाढला, आणि जे नुसते स्ट्रेचिंग करत होते त्यांचा आकसला. कॅनडात टेरेसा लिऊ-अँब्रोज यांनी ६५ ते ७५ वयाच्या बायकांना वर्षभर आठवड्यातून एकदा किंवा दोनदा वजनं उचलायला लावली तर एकाग्रतेच्या परीक्षेत त्या पुढे गेल्या. चालणं आणि वजन उचलणं दोन्ही लागतं, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. आपल्याकडे मॉर्निंग वॉक, प्राणायाम, हास्यक्लब सगळं छान रुजलंय, फक्त ताकदीचा व्यायाम तेवढा "हे काय आपलं वय आहे का" म्हणून कुणी करत नाही.

आईकडे फिजिओ मुलगी यायला लागली तेव्हा तिने खुर्ची भिंतीला टेकवली, सीटवर दोन जाड उशा ठेवल्या म्हणजे उंची वाढली आणि म्हणाली, "आजी, आता उठा." आई उठली. एवढ्या उंचीवरून जमत होतं तिला. थोड्या दिवसांनी एक उशी काढली. मग दुसरी काढली. मग पाण्याने भरलेल्या बाटल्या हातात आल्या, मग ओट्याला धरून टाचा वर करणं, मग तेच एका पायावर, मग रबराचा पट्टा. आईने पहिल्यांदा खूप कटकट केली, "अगं दुखतंय, तू हिला सांग ना," मला फोनवर. पण मास्तरीणबाईच ती, वहीत तिने याचाही तक्ता आखला, किती वेळा, किती सेकंद. सेकंद कमी व्हायला लागल्यावर तिला चेव चढला. हिशोबही हळूहळू सरळ झाला, बी१२ ने की व्यायामाने की नुसतं आजारपण मागे पडल्याने, ते वेगळं काढता येत नाही आणि मला काढायचंही नाही. डॉक्टर अजूनही दर सहा महिन्यांनी तिची स्मरणशक्तीची चाचणी घेतात.

खाण्यावरून मात्र आमची खडाजंगी झाली. मी एक दिवस बसून तिचं दिवसभराचं प्रोटीन लिहून काढलं. सकाळी चहा-खारी. दुपारी दीड पोळी, भाजी, पळीभर वरण. संध्याकाळी चहा. रात्री ताकभात. दिवसाचं सगळं मिळून तीसेक ग्रॅम होत होतं. भारताच्या आहार मानकांनुसार मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतं आणि म्हाताऱ्या माणसांना १ ते १.२ हवं असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात, म्हणजे आईला ५४ ते ६५ ग्रॅम. निम्मंच जात होतं. त्यात सोमवार, चतुर्थी, एकादशी. उपासाला साबुदाणा, ज्यात प्रोटीन जवळपास नाहीच, जे काही जातं ते दाण्याच्या कुटातून. उपास सोड म्हणणं मला शक्यच नव्हतं आणि म्हणायचंही नव्हतं, मग उपासाला दूध, दही, पनीर, दाण्याचा लाडू वाढवला. एरवी सकाळी खारीऐवजी मुगाचं धिरडं, वरण पळीभर नाही तर घट्ट आणि दोन वाट्या, रात्री ताकभाताबरोबर पिठलं किंवा उसळ. कवळी नीट बसत नव्हती म्हणून ती मोड आलेली मटकी टाळत होती हे तेव्हा कळलं, म्हणजे आधी दाताचा डॉक्टर आणि मग मटकी! किती साध्या गोष्टींवर किती मोठ्या गोष्टी अडलेल्या असतात. फक्त किडनीचा त्रास असलेल्यांनी प्रोटीन आपल्या मनाने वाढवू नये, ते डॉक्टरांना विचारूनच.

आणि आता वहिनीबद्दल, म्हणजे आपल्या सगळ्यांबद्दलच. वहिनी गुणी आहे, आईला ओट्याशी उभं राहू देत नाही, "आई तुम्ही बसा, मी करते." घरात कमोड बसवला, डायनिंग टेबल आलं, देवघर सुद्धा वर घेतलं म्हणजे खाली बसायला नको. गुडघे खरंच दुखत असतील त्यांना हे हवंच. पण ज्यांना जमतं त्यांच्याकडूनही आपण मायेने एकेक काम काढून घेत जातो. ब्राझीलचे डॉ. क्लॉडिओ जिल आराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांना जमिनीवर बसून उठायला लावलं होतं, किती आधार लागतो त्यावर दहापैकी मार्क, आणि ज्यांना फार कमी मार्क पडले ती माणसं पुढच्या सहाएक वर्षांत कितीतरी जास्त प्रमाणात गेली. ते वाचून मला आमच्या जुन्या घरातले पाट आठवले. आई-आजी दिवसातून किती वेळा खाली बसत आणि उठत असतील, विळीवर भाजी, पाटावर जेवण, जात्याशी, देवाशी. तो काळ परत आणा असं मी म्हणत नाही, त्या कष्टांत बायका झिजल्याही आहेत आणि उपाशीही राहिल्या आहेत, आजही खेड्यात कितीतरी म्हाताऱ्या बायका पोटाला पुरेसं नाही म्हणून वाळलेल्या आहेत. पण उठबस गेली ती जागा आपण दुसऱ्या कशानेच भरली नाही. वहिनीशी मी बोलले. आता भाजी निवडणं, कणीक मळणं, कपडे वाळत घालणं आईकडे आहे आणि वहिनीला शेजारी-पाजारी "सासूला कामाला लावलंय" असं बोलू नयेत म्हणून आईनेच ते आधी चारचौघींत सांगून टाकलं.

बायकांचं मुद्दाम लिहिते कारण आकडे तसेच आहेत. देशभरात साठीच्या पुढच्या लोकांचा मोठा अभ्यास झाला, मुंबईच्या देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था ज्या सर्वेक्षणात आहे त्याचाच भाग, त्यानुसार भारतात डिमेन्शियाचे अंदाजे ८८ लाख रुग्ण आहेत, साठीच्या पुढच्यांत ७.४ टक्के. पुरुषांत ५.८ आणि बायकांत ९. खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. शिक्षण कमी मिळालेलं, खायला शेवटी बसलेली, आयुष्यभर दुसऱ्यांचं बघितलेली पिढी आहे ती. २०२४ मध्ये लॅन्सेटच्या तज्ज्ञांच्या आयोगाने डिमेन्शियाची टाळता किंवा बदलता येण्यासारखी १४ कारणं दिलीयत, शिक्षण, ऐकू न येणं, डायबेटिस, लठ्ठपणा, बीपी, व्यायाम नसणं, एकटेपणा वगैरे, आणि सगळी हाताळली तर जगातल्या जवळपास ४५ टक्के केसेसवर फरक पडू शकेल असं त्यांचं म्हणणं आहे. डिमेन्शिया बरा करणारं औषध अजून नाही, त्यामुळे मला हा आकडा फार मोठा वाटतो.

घरी तपासायचं तर मशीन काही लागत नाही. जपानमध्ये टोकियोजवळच्या काशिवा शहरातल्या अभ्यासात वापरलेली एक युक्ती आहे. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून कडं करायचं आणि ते आपल्याच पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती लावायचं. बोटं पुरली नाहीत तर छान, नेमकी पुरली तर ठीक, आणि कड्यात पोटरी सैल फिरायला लागली तर स्नायू कमी झाल्याची दाट शंका. मी आईला करायला लावलं तर तिच्या कड्यात दोन बोटं मावतील एवढी जागा होती. टेपने मोजायचं तर आशियाई लोकांसाठी पोटरी बाईची ३३ आणि पुरुषाची ३४ सेंटीमीटरपेक्षा कमी नको. आणि खुर्चीची परीक्षा, हात छातीशी, पाच वेळा उठबस, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर लक्ष द्यायला हवं.

मिरजेच्या घराजवळ ज्येष्ठ नागरिक संघ आहे, महिन्यातून एकदा तिथे शुगर-बीपीचं शिबिर असतं. त्यांना मी सांगितलं की त्या टेबलाशेजारी बिनहातांची एक खुर्ची, मोबाईलचं स्टॉपवॉच आणि शिवणाची टेप ठेवा, शेजारी कुणीतरी आधाराला उभं राहा आणि प्रत्येकाच्या कार्डावर वजनाच्या खाली पोटरी, कंबर आणि खुर्चीचे सेकंद हे तीन आकडे लिहा. अध्यक्षकाका म्हणाले पुढच्या शिबिरापासून करू, पण वही सांभाळायला माणूस पाहिजे. ती आईने घेतली.